‘लिम्प मोडचे 6 रामबाण उपाय’ पाठवून राहिले असाल तर आधी हे वाचा

लिम्प मोडवर, म्हणजे बिघाड दिसला की गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते त्यावर, एक फॉरवर्ड फिरून राहिला: "डिझेल गाडी अचानक ओढत नसेल अन् इंजिनचा पिवळा लाइट लागला असेल तर टर्बो गेला समजा, शोरूमवाले लुटतात, घरीच हे 6 उपाय करा." खाली जनहितार्थ लिहिलंय, म्हणजे झालंच. उपाय असे: टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारं यंत्र) बदला, नाही बदलायचा तर बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, ईजीआरला (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा ठोका, एअर फिल्टर काढून रेस देत टर्बोत कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारा, टाकीत रॉकेल घाला, अन् शेवटी गाडी हायवेवर रपाटून आणा. इतके दिवस मी सोडून देत होतो, पण परवा आमचे भाऊजी मनीषनगरच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडून, हातात तो स्प्रेचा डबा घेऊन मला फोनवर विचारून राहिले की "नळी नेमकी कुठे घालायची रे?" मग म्हटलं आता लिहावंच लागते.

त्या डब्यापासूनच सुरू करतो, बाकीच्यात पैसे जातात, यात इंजिन जाऊ शकते.

टर्बोला दोन बाजू असतात. एका बाजूने फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा आत ओढून दाबली जाते, दुसऱ्या बाजूने इंजिनाचा जळका धूर त्याचं चाक फिरवतो. काजळी धरते ती धुराच्या बाजूला, व्हीजीटी टर्बोत ज्या हलणाऱ्या पाती असतात त्याही तिकडेच. अन् हा भैताड मेसेज फवारा मारायला सांगतो हवेच्या बाजूने! म्हणजे जिथे काजळी आहे तिथे तो डबा पोचतच नाही, पोचतो तो थेट सिलेंडरमध्ये, अन् तिथे जळतो. आता डिझेल इंजिनाचा वेग मुळात इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्यावर ठरतो, हवेतून दुसरं काही जळण आत गेलं की ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, हातात काही राहत नाही, इंजिन आपोआप रेस घेते. फवारा थांबवला की बहुतेकदा थांबतेही, पण इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ते साचलं असेल किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जाऊन राहिलं असेल तर चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन किंचाळत वर जात राहते. याला रनअवे म्हणतात. तेव्हा ड्रायव्हरच्या हातात उपाय राहतो तो असा, मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकायचा अन् क्लच सोडून इंजिन मारायचं. पार्किंगमध्ये बोनेटसमोर वाकून उभा असलेला माणूस हे कसं करणार? वरून फिल्टर काढलेला. लहान टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाते, त्यात धूळ किंवा एखादा बारका खडा गेला तर पात्यांचं काय होईल ते सांगायला नको.

भाऊजींना म्हटलं डबा ठेवा खाली अन् घरात जा.

आता ‘टर्बो गेला समजा’. काऊन समजायचं बाप्पा? लिम्प मोड म्हणजे ईसीयूला काहीतरी गणित जुळलं नाही म्हणून त्याने ताकद कमी करून टाकली, एवढंच. भाऊजींच्या गाडीत बिघाडाचा कोड होता पी0299. त्याचा अर्थ मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, मिळाला नाही. कोणामुळे मिळाला नाही ते त्यात लिहिलेलं नसते. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीचाच ट्रबलशूटिंगचा तक्ता आहे, इंजिन ओढत नाही याच्या कारणांमध्ये चोंदलेला फिल्टर, तुंबलेली नळी, फिल्टर ते टर्बो गळती, टर्बो ते मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटणारा पाइप) गळती, एक्झॉस्टची गळती अशी मोठी यादी आहे. ज्याला टर्बो विकायचा आहे तोच सांगून राहिला की आधी नळ्या बघा, अन् आपण फॉरवर्डवर विश्वास ठेवून राहिलो.

ज्या गॅरेजात भाऊजी आधी गेले होते तिथे मिस्त्रीने इंटरकूलरचा होज काढला, आत बोट फिरवलं, बोटाला ऑइल लागलं ते दाखवलं अन् म्हणाला टर्बो खलास. अहो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणाऱ्या ऑइलचा पातळ थर होजच्या आत असतोच, चांगल्या गाडीतही. बघायचं असते बाहेरून. मी टॉर्च घेऊन बघितलं तर त्याच होजच्या क्लॅम्पखाली ऑइल अन् धुळीचा काळा चिखल बसलेला. क्लॅम्प सरकवला तर रबरात बोटाच्या पेराएवढी चीर, गाडी उभी असताना बंद दिसते अन् दाब आला की उघडते. नागपूरच्या मे महिन्यात बोनेटखाली रबर किती वर्षं नरम राहणार? होज बदलला, कोड पुसला, गाडी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर पहिल्यासारखी चढली.

चीर दिसली नसती तर पुढे तपासायची अॅक्चुएटरची (टर्बोच्या पाती हलवणारा भाग) व्हॅक्यूमची बारीक नळी, मग सोलेनॉइड (त्या व्हॅक्यूमचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), मग सेन्सर. सेन्सरची तपासणी सोपी आहे अन् कोणी करत नाही. हजाराच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर लावा, चावी ऑन, इंजिन बंद, अन् मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला पाहिजे, आपलं शहर समुद्रसपाटीपासून 310 मीटरच्या आसपास आहे म्हणजे 97-98 किलोपास्कल. बंद इंजिनावर तो 120 दाखवत असेल तर खोटं बोलून राहिला. सेन्सर खोटं बोलत नाही असं कोणाला वाटत असेल त्याने 30 मे 2024 आठवावा, रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 डिग्री दाखवलं होतं अन् मग हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा कोणी शहर बदललं नाही.

बॅटरीचं टर्मिनल. यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. नुसती चावी बंद करून पुन्हा सुरू केली तरी पुष्कळदा गाडी ओढायला लागते, कारण ईसीयू पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. पण बिघाड तिथेच असतो, पुढच्या चढावर परत तेच. अन् टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांमध्ये कोडसोबत फ्रीज फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, स्पीड किती ही नोंद. पुरावा स्वतःच्या हाताने पुसायचा अन् मग मिस्त्रीला म्हणायचं शोधा.

ईजीआरला पत्रा ठोकला तर बऱ्याच गाड्यांत फ्लो कमी म्हणून पी0401 येतो, म्हणजे एक लाइट घालवायला दुसरा लावला, अन् गाडीच्या मूळ बनावटीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. रॉकेलचं तर बोलूच नका. कॉमन रेलचा पंप (इंजेक्टरांना खूप दाबाने डिझेल देणारा) डिझेलच्याच वंगणावर चालतो, रॉकेलमध्ये तेवढं वंगण नसते, पंप घासला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो अन् ते बिल टर्बोपेक्षा मोठं होऊ शकते.

राहिला हायवे. हे मात्र सरसकट खोटं नाही. बीएस6 गाडी रोज धरमपेठ ते सदर एवढीच फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो, अन् त्याचा लाइट लागला की काही वेळ सलग वेगात चालवा असं गाडीच्या पुस्तकातही असते, तेवढी उष्णता मिळाल्याशिवाय काजळी जळत नाही. व्हीजीटीच्या चिकटलेल्या पातीही कधीकधी अशाने मोकळ्या होतात. पण हे फक्त डीपीएफचा लाइट असेल तेव्हा. गाडी आधीच लिम्पमध्ये असेल तर कोड वाचल्याशिवाय दामटवू नका, अन् निळा धूर, टर्बोची खरखर किंवा ऑइलचा लाल दिवा यातलं काहीही असेल तर बुटीबोरीहून घरापर्यंतसुद्धा नाही, तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा अन् टोवाल्याला फोन लावा.