आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन

होडीच्या मागच्या फळीला लावायचं जुनं इंजिन विकत घ्यायला काल पहाटे चारला रत्नागिरीहून निघालो, उरणजवळच्या एका गावात साडेअकराला पोचलो, टोपण काढून इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला. मी येणार म्हणून विकणाऱ्याने पाण्याच्या पिंपात बुडवून ते आधीच चालवून ठेवलं होतं. फोनवर तीनदा सांगितलं होतं, "भाऊ, मी येईपर्यंत चालू करू नका, मला थंड इंजिन चालू करून बघायचंय." तिन्ही वेळा "हो दादा, हो दादा." आणि मग दोरीला एक झटका, इंजिन चालू, वर मलाच विचारतो, "बघितलंत ना?" काय बघितलं? गरम इंजिन शेंबडं पोरही चालू करेल! जुन्या टू-स्ट्रोकची खरी परीक्षा रात्रभर थंड पडलेलं असताना होते. कार्बोरेटर, कॉइल, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, सगळ्याची. आणि नेमकं तेच त्याने मला बघू दिलं नाही.

म्हटलं ठीक आहे, प्लग काढा, गेज आणलाय, कॉम्प्रेशन बघतो. तर म्हणे प्लग काढायचे नाहीत, आटे जातील. पाच मिनिटांच्या कामाला आटे जातात? दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की गिऱ्हाईक उठून जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आटे जातात.

तो चहा सांगायला आत गेला तेवढ्यात मी खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला. ऑइल बाहेर आलं ते ताकासारखं पांढरं. म्हणजे सील गेलेलं, गिअरमध्ये खारं पाणी, आणि ते किती महिन्यांपासून आहे कुणास ठाऊक. जाहिरातीत काय लिहिलंय? "खाऱ्या पाण्यात कधीच वापरलेलं नाही." उरणला!

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने. जॉन्सनचं 15 एचपी, 1998 चं मॉडेल, असं त्याने छातीठोक सांगितलं होतं. इंजिनावर ठोकलेल्या पट्टीवरचा नंबरही तेच सांगत होता. 1980 पासून या इंजिनांच्या मॉडेल नंबरात सालाची दोन अक्षरं असतात. आय म्हणजे 1, एन म्हणजे 2, पुढे टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, आणि एस म्हणजे शून्य. पट्टीवर ई-सी होतं, म्हणजे 98. मात्र पट्टीचे रिव्हेट कोरे करकरीत, आणि आजूबाजूचा रंग कालपरवाचा. मग बॅटरी घेऊन ब्लॉकच्या बाजूला नाण्याएवढी धातूची टिकली असते ती शोधली, तिच्यावर पण नंबर ठोकलेला असतो. बोटाने काजळी पुसली. सी-यू. म्हणजे 1987. अकरा वर्षं खाल्ली त्याने, रिव्हेट मारून!

आणि मला राग याचा आहे की 87 चं असतं तरी मी ते घेतलं असतं. खरं सांगितलं असतं तर आनंदाने घेतलं असतं. 1974 पासून 1992 पर्यंत ही 9.9 आणि 15 ची इंजिनं मुळात एकच आहेत, एकाचं सामान दुसऱ्याला लागतं, म्हणून तर जुन्या होडीला ती बरी. 1993 ला आतलं सगळं बदललं. त्याच्या 98 वर विश्वास ठेवून मी गॅस्केटचा सेट आणि रिंगा आधीच मागवून ठेवल्या. आता ते पुडकं घरी कपाटावर पडलंय आणि त्यातला एक वॉशरसुद्धा कामाचा नाही. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "दादा, जुन्या मालात एवढं बघायचं नसतं." का नसतं? जुन्या मालातच बघायचं असतं!

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. गेल्या वर्षी एकाने "लाँग शाफ्ट आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून पाठवलं. टेम्पोतून उतरवून पंख्यापर्यंतचा दांडा मोजला तर 15 इंच. माझ्या होडीच्या मागच्या फळीला 20 इंची लागतं. लावलं असतं तर पंखा अर्धा हवेत फिरला असता आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाला पाणीच मिळालं नसतं. टेप लावायला अर्धा मिनिट लागतो, त्यालाही जमलं नाही. टेम्पोचं भाडं जाता-येता मी भरलं.

आणि विकणाऱ्यांचं ते नेहमीचं "फक्त कार्बोरेटर साफ करायचाय". ज्या इंजिनाचं फक्त कार्बोरेटर साफ करायचं असतं ते विकणारा स्वतः साफ करून पाच हजार जास्त घेतो! शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. हवेतलं पाणी ओढून घेतं, डब्यात खूप दिवस राहिलं तर पाणी तळाशी बसू शकतं, जुन्या नळ्यांचं रबर फुगून चिकट होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाने हे कसं पचवायचं? दुकानदाराकडे नळी मागायला जावं तर मान वर न करता "ते मॉडेल बंद झालं". जॉन्सनचं जुळं भावंड एव्हिनरूड 2020 साली बंद झालं, जॉन्सनचं नाव त्याच्याही आधी गेलं, मला माहीत आहे! मी नळी मागतोय, कारखाना मागत नाही.

आणि तो मुंबई-गोवा हायवे. 2011 ला रुंदीकरण सुरू झालं तेव्हापासून तोच हायवे, तीच वळणं, तीच धूळ. जाऊन-येऊन पंधरा तास, कंबरेचा भुगा, हात रिकामे.

सगळे म्हणतात, सोड ना, नवीन फोर-स्ट्रोक घे. पैसे कोण देणार? आणि होडी बाबांची आहे. अठरा फुटी, सागवानी. दोन पावसाळे छपराखाली ठेवून मी एकेक फळी बदलली, सांध्यांत कापूस ठोकला, काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. मी नववीत होतो तेव्हा भाट्याच्या खाडीच्या मुखाशी तिचं इंजिन बंद पडलं, ओहोटी जोरात, खाली गाळ, समोर लाटा फुटतायत. बाबा दोरी ओढत होते, ओढत होते, हाताची सालं निघाली. शेवटी वल्ह्यावर आलो, पोटात गोळा घेऊन. इंजिन असंच कुणाकडून तरी "चालू कंडिशन" म्हणून घेतलेलं. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. मुखावर कुठे उतरणार? हे विकणारे किनाऱ्यावरचेच आहेत, यांना हे कळत नाही असं कोणी मला सांगू नका.

आज सकाळी अलिबागच्या बाजूच्या एकाला फोन केला, यामाहाचं एन्ड्युरो आहे म्हणाला. सगळं सरळ सांगितलं. शाफ्ट मोजून फोटो पाठवा, गिअर ऑइल माझ्यासमोर काढायचं, प्लग माझ्यासमोर काढायचे, आणि आदल्या रात्रीपासून इंजिनाला हात लावायचा नाही.

"असलं गिऱ्हाईक नको आपल्याला," म्हणाला आणि फोन ठेवला.