‘परक्यांचा निवाडा आपल्या माथी का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तळमळीने लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. परदेशी लवादाच्या, म्हणजे दोन्ही पक्षांनी न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचांच्या, निवाड्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की लंडन-सिंगापूरला कोणी निवाडा द्यायचा आणि आपल्या न्यायालयाने त्यावर नुसता शिक्का मारायचा, हे सार्वभौम देशाला शोभत नाही. न्यायालयाने सगळा वाद पहिल्यापासून ऐकावा, असं तुम्ही म्हणता.

1996 च्या लवाद कायद्याचं कलम 48 जरूर वाचा. करार अवैध होता, नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, न सोपवलेला प्रश्न लवादाने निकाली काढला, निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध (म्हणजे इथल्या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांविरुद्ध) आहे, यातलं एक जरी सिद्ध झालं तरी अंमलबजावणी नाकारता येते. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यावरून मात्र नाकारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. करारावर सही आपण केलेली असते. हरल्यावर ‘आता पुन्हा ऐका’ म्हणायचं असेल तर लवाद नेमायचाच कशाला?

नागपूरच्या एका कंपनीचं प्रकरण बघा. तिच्याविरुद्ध आणि तिच्याशी संबंधित इतरांविरुद्ध हाँगकाँगच्या कंपनीला 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 69 लाख डॉलरचा निवाडा मिळाला. इतरांचं म्हणणं, करारावर आमची सहीच नाही. नागपूर खंडपीठात एकल न्यायमूर्तींनी ते मानलं, अपिलात दोन न्यायमूर्तींनी मानलं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये, जेमिनी बे प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने निवाडा सगळ्यांवर कायम ठेवला. मधे अकरा वर्षं गेली. नुसता शिक्का मारायला इतका काळ लागत नाही.

तुमच्या बाजूचं एक प्रकरण मात्र मी लेखात घ्यायला हवं होतं, ते राहिलं. 1980 मध्ये नाफेडने, म्हणजे शेतमाल विकणाऱ्या राष्ट्रीय सहकारी संघाने, अलिमेंटा या स्विस कंपनीला 5000 टन शेंगदाणे द्यायचा करार केला. सौराष्ट्रात वादळाने पीक गेलं, 1900 टनच रवाना झाले. उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवायला केंद्र सरकारने परवानगी दिली नाही. लंडनच्या लवादाने 1989 मध्ये नाफेडवर 46.81 लाख डॉलर बसवले. एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली: सरकारी मनाईविरुद्ध निर्यात करणं म्हणजे सार्वजनिक धोरणाचा भंग, म्हणून.

नाफेडची अडचण खरी होती, पण निकाल मला पटत नाही. त्याच न्यायालयाने दोनच महिन्यांपूर्वी विजय कारिया प्रकरणात सांगितलं होतं, की परकीय चलन कायद्याचा भंग झाला म्हणून सार्वजनिक धोरण मोडलं असं होत नाही. तिथे निवाडा अडवू पाहणाऱ्यांना 50 लाख रुपयांचा खर्चही भरायला लावला. मग परदेशी कंपनीने भारतात करार करताना यातलं काय धरून चालायचं?

आणि ज्या आंतरराष्ट्रीय करारामुळे असे निवाडे एकमेकांच्या देशांत लागू होतात, तो न्यूयॉर्क करार एकतर्फी नाही. भारत 1960 पासून त्यात आहे. मागे सांगलीचे एक हळद व्यापारी माझ्याकडे आले होते. पिशवीत लंडनचा निवाडा, मूळ करार, मालाच्या तपासणीचे दाखले. पैसे बुडवणारा खरेदीदार नेदरलँड्सचा. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘‘साहेब, तिथलं कोर्ट पुन्हा हळदीची प्रत तपासत बसणार का?’’ ‘‘नाही,’’ असं मी ठामपणे सांगू शकलो, ते ह्याच करारामुळे.