काचेतली गाडी आणि 'पर्यटक' मी

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स संग्रहालयावरच्या (स्टॅक्स म्हणजे इथली 'सोल' या कृष्णवर्णीयांच्या संगीताची जुनी रेकॉर्ड कंपनी) माझ्या लेखावर 'एक स्पष्टवक्ता' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी : त्या वस्तीत आजही गरिबी आहे, तिकीट महाग आहे, आपल्याकडची संग्रहालयं मला दिसत नाहीत. आणि शेवटी, "काचेत सोन्याची गाडी ठेवून वस्ती वर येत नसते, पण हे पर्यटकाला कोण सांगणार?"

पर्यटक! अहो साहेब (की बाई? टोपणनावावरून कळायला मार्ग नाही), मी याच शहरात घर करून राहतो. मतभेद खुशाल असू देत, पण हा 'कोण सांगणार'चा हेल कशासाठी? समोर बसून बोलला असतात तर हाच सूर लावला असता का? लेखात गाडीचे फोटो जरा जास्त झाले, हे मान्य. स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज याची ती मोरपंखी कॅडिलॅक आहेच तशी.

पण मजकूर वाचलात, की फोटो बघूनच बोटं शिवशिवली? संग्रहालय उघडलं २००३ साली. त्याला लागून असलेली स्टॅक्स म्युझिक अकादमी २००० सालीच सुरू झाली होती. म्हणजे आधी पोरं आली, मग गाडी! २००५ मध्ये तिथेच बिनफीची शाळाही निघाली. शाळा सुटल्यावर मुलं अकादमीत गायला-वाजवायला शिकतात, आणि शिकतात ती याच जागेवर ध्वनिमुद्रित झालेली गाणी. १९७५ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, १९८९ मध्ये इमारत पाडली, पुढे कित्येक वर्षं तिथे नुसता रिकामा प्लॉट. आज तिथेच पोरं ट्रम्पेट फुंकतात. याला तुम्ही काय म्हणता ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मुळात स्टॅक्स उभी राहिली तीच गल्लीच्या जिवावर. जुन्या थिएटरात स्टुडिओ, पुढच्या बाजूला कंपनीच्या सहसंस्थापक एस्टेल ॲक्स्टन यांचं रेकॉर्डचं दुकान. आजूबाजूची पोरं तिथे तासन्‌तास रेकॉर्डी ऐकत उभी. पुढे स्टॅक्सचा नावाजलेला ऑर्गनवादक झालेला बुकर टी. जोन्स त्यांतलाच एक. त्याच्या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र वाजवत होते, तेही त्या काळच्या, वर्णभेदाच्या मेम्फिसमध्ये.

दुकान गेलं की गल्लीचं काय जातं, हे मला शिकवू नका. माझ्या वडिलांचं आयुष्य मिरजेतल्या आमच्या दुकानात तंबोऱ्यांची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवण्यात गेलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर गवई बसायचे, शाळेतली पोरं बसायची, नुसते रिकामटेकडेही बसायचे. दुकान मिटलं, ओटा ओस पडला. तेव्हा संगीताने वस्ती वर येते का, यावर बोलायचा थोडाफार हक्क मला असावा, असं आपलं मला वाटतं.

बाकी मुद्द्यांत फारसा दम नाही. गरिबी आहे, मी कुठे नाही म्हटलं? तिकिटाचे पैसे माझ्या खिशात येत नाहीत. आणि आपल्याकडच्या संग्रहालयांवर मी काय काय लिहिलंय ते शोधायची सोय ब्लॉगच्या उजव्या कोपऱ्यात आहे. स्पष्टवक्त्यांनाही ती वापरता येते.