चौदा युरोची कोंबडी

युरोपात राहून ज्याला शनिवार-रविवारी दुसऱ्या शहरात स्वस्तात उडून जाता येत नाही, त्याचं इथलं राहणं फुकट. हे माझं मत नाही, आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं आहे. तिथे दर शुक्रवारी कोणी ना कोणी स्क्रीनशॉट टाकतो. 'फ्रँकफर्ट ते बार्सिलोना, १४.९९ युरो.' खाली "काय राव, अजून घरीच?" अशाच एका स्क्रीनशॉटवर भाळून आम्ही उभयता गेल्या महिन्यात बार्सिलोनाला जाऊन आलो. त्या तपश्चर्येतून हाती लागलेलं ज्ञान तुमच्यासाठी इथे मांडतोय. याची प्रत घरीच छापून घ्या. विमानतळावर छापायला गेलात तर तिकिटापेक्षा महाग पडेल.

सर्वांत आधी, कुठे जायचं हे ठरवू नका. ज्याला रोम बघायचंय त्याला रोमचा भाव पडतो. शोधायच्या खिडकीत 'कुठेही' असा पर्याय असतो, तो निवडा आणि मग यंत्र सांगेल तिथे जा. मंगळवारी पहाटे सहाला जाऊन गुरुवारी रात्री अकराला परत, असं काहीतरी निघेल. रजा तुमची, तारीख त्यांची. पहाटे सहाच्या विमानासाठी तीन वाजता घर सोडावं लागतं आणि तीन वाजता ना ट्राम असते ना बस, म्हणून आदल्या रात्रीच विमानतळावर जाऊन झोपा. बाकांना मध्ये मध्ये लोखंडी हात मुद्दाम बसवलेले असतात, त्यामुळे कुशीवर वळायचा मोह होत नाही.

तिकीट मध्यरात्री, इनकॉग्निटो खिडकीत, श्वास रोखून शोधावं. त्या भावाच्या किती जागा उरल्यात यावर भाव बदलतो, तुमच्या कुकीजशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पण उपास केल्याचं समाधान मिळतं.

आता भूगोल विसरा. शाळेत शिकलेला सगळा. स्वस्त विमानाच्या नकाशावर पॅरिस हे बोव्हेला आहे, म्हणजे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. स्टॉकहोम शंभर किलोमीटर दूर स्काव्स्टाला असतं. ऑस्लो टोर्पला आहे, तेही शंभराच्या पुढे. व्हिएन्नाला जायचं असेल तर ब्रातिस्लाव्हाला उतरा, तो वेगळा देश आहे एवढंच. मेमिंगेन नावाच्या शांत, सुस्वभावी गावाच्या विमानतळाला 'म्युनिक वेस्ट' म्हणून खपवलं गेलं. या हिशेबानं मीही कोणाचा तरी जावई लागतो.

आमचं 'फ्रँकफर्ट' निघालं हान. हुन्सरूकच्या डोंगराळ पठारावर, फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हा मुळात शीतयुद्धातला अमेरिकी लढाऊ विमानांचा तळ. १९९३ मध्ये अमेरिकन आवरून निघून गेले, त्यांना बहुधा फ्रँकफर्टला जायची घाई असावी. आणि आमचं 'बार्सिलोना' निघालं जिरोना, तिथून पुढे बसनं आणखी नव्वद किलोमीटर. म्हणजे फ्रँकफर्टहून बार्सिलोनाला जाताना आमचं विमान यांपैकी एकाही शहराला शिवलं नाही. हवेत दोन तास, बसमध्ये साडेतीन, बसची वाट बघण्यात अडीच. याला आपल्यात द्राविडी प्राणायाम म्हणतात, इंटरनेटवर याला 'हॅक' म्हणतात.

जाता जाता सांगतो, जिरोना फार देखणं गाव आहे. नदीकाठची रंगीत घरं, जुनी तटबंदी, आणि गॉथिक शैलीतला जगातला सर्वांत रुंद सभामंडप असलेलं कॅथेड्रल, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जवळजवळ २३ मीटर, मध्ये एकही खांब नाही. हे सगळं आम्ही बसमध्ये बसून मोबाइलवर वाचलं. शहाणा माणूस तिथेच उतरून राहिला असता. पण आमच्याकडे बार्सिलोनाचं हॉटेल होतं, परतावा न मिळणारं. स्वस्त पडतं ना ते.

विमा नको असेल तर 'नको' हा शब्द शोधण्याची तयारी ठेवा. एका कंपनीनं काही वर्षांपूर्वी 'मला विमा नको' हा पर्याय देशांच्या यादीत डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या मध्ये ठेवला होता. चांगला शेजार आहे.

नवराबायकोंनी शेजारी बसायचा हट्ट धरू नये. आम्हाला ७बी आणि ३१ई मिळाल्या. संसाराला मानवलं.

पैसे युरोतच भरा. 'तुमच्या सोयीसाठी' दुसऱ्या चलनात रक्कम दाखवली, की सोय कोणाची ते ओळखा.

तुमचा पासपोर्ट आपल्यासारखा निळा असेल तर मोबाइलवरचा बोर्डिंग पास बघून हुरळू नका. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांनी कागदपत्रं खिडकीवर तपासून घ्यावीत. ही तपासणी ज्या खिडकीवर होते तिथेच बॅगा देणाऱ्यांची रांग असते. तुमच्याकडे द्यायला बॅग नाही, कारण तुम्ही हुशार आहात, पण उभं त्यांच्याच मागे राहायचं. चाळीस मिनिटांनी खिडकीतली मुलगी निवासपरवाना उलटसुलट करून बघते, मान डोलावते आणि घाई करा म्हणते.

आता मुख्य विषय. बॅग.

बॅग छोटी घ्या. छोटी म्हणजे ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर. दोन दिवसांचे कपडे तेवढ्यात मावतात, दातांचा ब्रश मावतो, आणि जे मावत नाही ते अंगावर घालावं. मी तीन शर्ट आणि एक जाकीट घालून निघालो होतो, जाकिटाच्या खिशांत चार्जर, मोजे आणि बायकोचं पुस्तक. हीची बॅग आम्ही घरी टेपनं मोजली होती. दोनदा. एकदा उभी, एकदा आडवी. ४०, ३०, २०. समाधानानं झोपलो. मोजायची राहिली ती चाकं.

दाराशी बॅगा मापायचा तो लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो. दोनेकशे माणसं रांगेत, सगळ्यांचे डोळे त्या सांगाड्याकडे, आणि एक तरुण हात मागे बांधून फिरतोय. आमच्यापुढच्या माणसाच्या पाठीवर गिर्यारोहकाची सॅक होती, तिला लटकलेला डबा धरून. तो गेला. हीच्या बॅगेकडे बोट दाखवून तरुण म्हणाला, यात घाला. घातली. कापड गेलं, चेन गेली, चाकं दोन सेंटीमीटर वर राहिली. दोन सेंटीमीटर! मी हसून म्हटलं, चाकं आहेत ती. तो हसला नाही. साठ युरो. मी म्हटलं, तिकीट पंधराचं आहे. तो म्हणाला, तिकिटाचं नाही, बॅगेचं बोलतोय. मी म्हटलं, चाकं काढून टाकतो, आणि खरोखर गुडघ्यावर बसून ओढायला लागलो. मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइल काढला. ही म्हणाली, उठा आता. साठ युरो भरले. रोख चालत नाही, कार्डच लागतं.

आणि ती बॅग पोटात टाकली का? नाही. शेवटी विमानात जागा होती म्हणून माझ्याच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली! म्हणजे साठ युरो वजनाचे नाहीत, जागेचे नाहीत, कष्टाचे नाहीत. परतीच्या वेळी जिरोनाला त्याच कंपनीच्या बाईंनी त्याच बॅगेकडे मान वर करूनही बघितलं नाही. तीच चाकं. तेच दोन सेंटीमीटर. मग तो नियम आहे की सोडत?

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की अशा एका बड्या कंपनीनं जादा मापाची बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे दीड युरो बक्षीस देत असल्याचं २०२५ मध्ये उघड सांगितलं, आणि ते वाढवून अडीच करणार असल्याचंही. लपवाछपवी नाही. अभिमानानं. त्या तरुणावरचा माझा राग थोडा उतरला. त्याला आमच्या चाकांचे अडीच युरो मिळत असतील तर एका कॉफीची सोय झाली म्हणायची. उरलेले साडेसत्तावन्न कोणाकडे गेले ते बघा.

कायदा नाही असं समजू नका. युरोपीय संघाचा २००८ चा नियम आहे, तिकीट विकताना टाळता न येणारे सगळे खर्च धरून अंतिम किंमत दाखवली पाहिजे. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, वाजवी मापाचं आणि वजनाचं असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. वाजवी. तो एक शब्द धरून कंपन्या आजवर पोसल्या गेल्यात. वाजवी म्हणजे किती, ते ठरवणार कोण? ज्याच्याकडे लोखंडी सांगाडा आहे तो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या सरकारनं या बॅगेसारख्याच उद्योगांसाठी पाच कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरो दंड ठोठावला. कंपन्या कोर्टात गेल्या. आम्ही रांगेत गेलो.

आता हिशेब घ्या. दोघांची जाण्यायेण्याची चार तिकिटं, ५९.९६. बॅग ६०. हानची बस दोघांना दोन्ही वेळा ८०. जिरोनाची बस तशीच ६४. हानच्या विमानतळाजवळ एक रात्र ८९, त्याचं कारण पुढे सांगतो. एकूण ३५२.९६. त्याच दिवशी फ्रँकफर्टच्या खऱ्या विमानतळावरून, जिथे आमच्या घरून लोकल जाते, बार्सिलोनाच्या खऱ्या विमानतळापर्यंत माणशी ११८ होते. बॅग धरून. ते मी बघितलंही होतं आणि "लुटतात साले" म्हणून बंद केलं होतं.

तर ती रात्र. परतीचं विमान सात पंचविसाला उतरायचं होतं. जिरोनात दोन तास झाल्यावर आम्हाला माणशी ४ युरोचं खाद्यकूपन मिळालं. तिथलं सर्वांत स्वस्त सँडविच ८.९० ला होतं. विमान हानला टेकलं दहा एकविसाला. दार उघडलं दहा सत्तावीसला. शेवटची बस आमच्या डोळ्यांसमोर निघून गेली. सोमवारची सकाळची रजा, हॉटेल, आणि ऑफिसात साहेबांना 'फ्रँकफर्टला अडकलोय' असं सांगणं. साहेब म्हणाले, मीही फ्रँकफर्टलाच आहे.

इथे मात्र मस्करी बास.

युरोपीय संघाचा २६१/२००४ नावाचा नियम आहे. दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर माणशी २५० युरो भरपाई. तिकीट १५ चं असो की ५०० चं. तिकिटाच्या किमतीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कंपनी म्हणते तुमचा उशीर २ तास ५६ मिनिटं. कारण ती चाक टेकल्याची वेळ धरते. (चाकांचं आणि आमचं काय वाकडं आहे कोण जाणे.) पण याचाही निकाल लागून गेलाय, २०१४ मध्येच. साल्झबर्गहून कलोन-बॉनला आलेलं एक विमान टेकलं तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता, थांबलं तेव्हा ३ तास ३. न्यायालय म्हणालं, विमानाचं एक तरी दार उघडतं ती पोचल्याची वेळ. आमचं दार ३ तास २ मिनिटांनी उघडलं. हीनं त्या क्षणी मोबाइलवर फोटो काढला, वेळेसकट. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, काय हे वेड.

त्याच विमानात आमच्या ग्रुपवरचे आणखी दोघं होते. त्यांना फोन केला, अर्ज भरलात का? एक म्हणाला, "जाऊ दे ना, पंधरा युरोचं तर तिकीट होतं." दुसरा म्हणाला, "एवढ्या स्वस्तात नेतात, अजून काय पाहिजे?"

अरे, काय पाहिजे म्हणजे? साडेतीनशे युरो भरलेत तुम्ही! पंधरा युरोचं तिकीट विकून कंपनीनं तुमचं तोंड विकत घेतलंय, आणि तुम्हीच ते आनंदानं बंद करून बसलात. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी माणसं आपण, आणि अडीचशे युरो हक्काचे, कायद्यानं कबूल केलेले, ते 'जाऊ दे' म्हणून सोडून देता? दहा मिनिटांचा फॉर्म आहे. कंपनीच्या साइटवर तळाशी, बारीक अक्षरांत. भरा तो. दलालाला देऊ नका, तो पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त घेतो. कंपनी पहिल्यांदा नाही म्हणेल, तरी पुन्हा लिहा. आणि बॅगेचे पैसे भरताना पावती मागा, फोटो काढा, सांगाड्यातल्या बॅगेचा काढा, मागे रांग खोळंबली तरी काढा. रांगेची लाज तुम्हाला का वाटते? बॅग तुमची, पैसे तुमचे, आणि मान खाली घालणारेही तुम्हीच.

आमचे दोन अर्ज गेलेत. आज सहा आठवडे झाले. पहिलं उत्तर आलं, उशीर २ तास ५६ मिनिटं. मी फोटो पाठवला. दुसरं उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी पुन्हा फोटो पाठवला, निकालाचा क्रमांक घालून. आता तिसऱ्याची वाट बघतोय, आणि तेही तसंच आलं तर चौथ्यांदा पाठवणार आहे.

आज पुन्हा शुक्रवार. ग्रुपवर 'प्राग १२.९९' येऊन पडलंय, खाली चौदा अंगठे. मंडळी, ते टाकणं थांबवा. टाकायचाच असेल तर परत आल्यावर टाका, आणि तिकिटाचा नको, बँकेच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट टाका.