"चिनी माल आणा, आपला शिक्का मारा" म्हणे!

"टॅरिफ: नाशिकच्या उद्योजकांना सुवर्णसंधी" हा मेसेज अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काल भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, करायचं का?" त्याचं सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट करण्याचं) छोटं युनिट आहे, म्हणून हा खटाटोप. मेसेज म्हणतो: अमेरिकेने आपल्या मालावर सरसकट 50 टक्के टॅरिफ (आयात कर) लावलं आणि म्हणूनच कांद्याचा भाव पडला, टॅरिफ अमेरिकन माणूस भरतो, आपल्याला झळ नाही, आणि चीनवर डबल कर असल्याने चिनी पार्ट मागवून "मेड इन इंडिया" करून पाठवा.

कांद्याचं आधी उरकून टाकू. लासलगावचा कांदा बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, दुबईकडे जातो. अमेरिकेचा त्यात काय संबंध? ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर 2023 ते मे 2024 निर्यातबंदी, मग पुन्हा 40 टक्के शुल्क, आणि सप्टेंबर 2024 पासून 1 एप्रिल 2025 पर्यंत 20 टक्के. हे सगळं दिल्लीचं.

"सरसकट" हेही खोटं. 27 ऑगस्ट 2025 ला 25 अधिक 25 असे 50 झाले खरे, पण औषधं आणि स्मार्टफोन त्यातून वगळले होते. गाड्यांच्या बऱ्याच पार्टना अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम 232 खालचे वेगळे 25 टक्के लागू होते, तर स्टीलला त्याच कलमाखाली 50. तुमचा पार्ट कस्टम्सच्या कुठल्या कोडात (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकात) बसतो हे बायरला विचारल्याशिवाय आकडा सांगू नये.

आता शिक्क्याचा उद्योग. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने आयुष्यात एक शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) भरलं नसावं. अमेरिकी कस्टम्सच्या नियमावलीचा भाग 134 स्पष्ट आहे: दुसऱ्या देशात केलेल्या कामाने वस्तूत मूलभूत बदल झाला तरच तिचा मूळ देश बदलतो. नाव, स्वरूप, वापर यांत काय बदललं ते बघतात. चिनी फोर्जिंग (ठोकून घडवलेला पार्ट) न्हावाशेवा बंदरात उतरवलं, दोन भोकं पाडली, डिबर केलं (कडा घासल्या), रंग मारला, खोक्यात भरलं, तरी ते चिनीच. 2018 पासूनचे चिनी मालावरचे कलम 301 खालचे जादा कराचे दरही त्यावर लागतात. इथे काढलेलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (मूळ देशाचा दाखला) अमेरिकी कस्टम्सवर बंधनकारक नाही. तपासणीत ते कच्च्या मालाचं बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद), मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा चाचणी दाखला), हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) आणि जॉबकार्ड (कारखान्यातल्या कामाची नोंद) मागतात. स्टीलच्या मालाला तर ते कुठल्या देशात वितळवून ओतलं हेही जाहीर करावं लागतं. हीट नंबर चिनी मिलचा आणि इनव्हॉइसवर भारत, इतकं पकडायला कस्टम्सच्या साहेबाला दहा मिनिटं पुरतात. फसवणूक ठरली तर दंड मालाच्या तिथल्या पूर्ण किमतीइतका होऊ शकतो. तो आधी बायरला बसतो, मग बायर तुमचं पेमेंट अडवतो आणि वेंडर यादीतून नाव कायमचं उडवतो.

चीनकडून सरकलेल्या ऑर्डरी मात्र खऱ्या आहेत, हे मान्य करावं लागेल. 2023 मध्ये अमेरिकेला सर्वाधिक माल विकणारा देश म्हणून मेक्सिकोने चीनला मागे टाकलं. इथेही चौकशा येतात. पण चौकशी म्हणजे ऑर्डर नव्हे. डाय (साचा), सँपल, पीपीएपी (उत्पादनाआधी बायरकडून पार्टची मंजुरी) यात कित्येक महिने जातात, आणि तोवर दर बदललेला असतो.

राहिलं "अमेरिकन भरतो". कागदोपत्री बरोबर; तिथला आयातदारच कस्टम्सला पैसे देतो. पण 50 टक्के ड्युटी धरली तर 100 डॉलरचा पार्ट त्याला 150 ला पडतो. निम्मा भार तुम्ही घ्या, 125 ला बसवा, असं तो म्हणाला की तुमचा भाव 83.33 वर येतो, कारण ड्युटी एफओबी (आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीवर लागते. म्हणजे जवळपास 17 टक्के सूट. जॉबवर्कवाल्याचं मार्जिन तेवढं असतं का? आणि कोटेशनमध्ये डीडीपी (ड्युटी भरून माल बायरच्या दारात पोचवण्याची अट) लिहून बसला असाल तर सगळी ड्युटी तुमच्याच खिशातून. भाच्याच्या जुन्या कोटेशनांत दोन ठिकाणी डीडीपीच आहे. ते आधी एफओबी करून घे म्हटलं.