फेअरिंगच्या रंगकामाबाबत आपण केलेल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या मोटरसायकलच्या फेअरिंगचे, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक आवरणाचे, चार भाग आमच्याकडून खास रंगवून घ्यायला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात तयार रंगवलेला पूर्ण संच आला असता, काम आठवडाभर उशिरा मिळाले आणि उन्हात त्यांचा रंग पेट्रोलच्या टाकीशी जुळत नाही, असे आपण लिहिले आहे. उशीर आणि रंग या दोन्ही बाबतींत चूक आमची आहे व त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आपल्या गाडीचा पर्ल रंग तीन थरांचा आहे. खाली बेस कोट, त्यावर अभ्रकासारखे चमकते कण असलेला पारदर्शक थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट. मधल्या थराचा एक हात जास्त बसला किंवा स्प्रे गनचा दाब बदलला, तरी छटा बदलते. म्हणूनच आधी नमुना पट्टी रंगवून ती टाकीला लावून उन्हात व सावलीत पाहायची असते, कारण एका उजेडात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. आम्ही ती पट्टी केवळ ट्यूबलाइटखाली पाहिली.

उशीर झाला तो जुन्या रंगामुळे. दोन भागांवर आधी कोणीतरी मारलेला रंग प्रायमर लागताच सुरकुतला. फेअरिंग ज्याचे असते त्या एबीएस प्लास्टिकवर तीव्र थिनर चालत नाही, ते विरघळू लागते, त्यामुळे तो रंग पॉलिश पेपरने हाताने घासूनच उतरवावा लागला. शिवाय हे प्लास्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडत असल्याने धातूच्या भागांसारखे भट्टीत कडक तापवता येत नाही, मंद उष्णतेवर वेळ द्यावाच लागतो. हे आपल्याला त्याच दिवशी फोन करून कळवायला हवे होते.

आता खर्चाविषयी, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. या कामात बहुतेक पैसा रंगापेक्षा मजुरीत जातो: तडे गेलेले माउंटिंगचे कान (जिथे बोल्ट बसतात ते भाग) जोडणे, पुट्टी, प्रत्येक थरानंतर घासणे, मास्किंग (न रंगवायचा भाग झाकणे), शेवटी पॉलिश. मूळ फेअरिंग गाडीवर अचूक बसत असेल आणि तो रंग बाजारात मिळतच नसेल, किंवा स्वतःची नक्षी हवी असेल, तर हा खर्च करावा असे माझे प्रामाणिक मत आहे. स्वस्त तयार संचांत बोल्टची छिद्रे जुळत नसल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. परंतु गाडी रेसिंग ट्रॅकवर नेणार असल्याचे आपण पहिल्याच भेटीत सांगितले होते. तिथे गाडी एकदा घसरली, तरी हे सारे काम खरवडून निघते आणि पर्ल रंगाला ठिगळ लावले की ते दिसतेच. अशा वापरासाठी साध्या एकरंगी संचाचाच सल्ला आपल्याला द्यायला हवा होता. ऑर्डर घेण्याच्या घाईत आम्ही तो दिला नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

आपण टाकीसह गाडी आणल्यास उन्हात आपल्यासमोर पट्टी जुळवून चारही भाग विनामूल्य पुन्हा रंगवून देऊ. ते नको असल्यास रंगकामाची पूर्ण मजुरी परत करू. पुन्हा रंगवून घेतल्यास पहिले काही आठवडे त्यांवर वॅक्स लावू नये आणि पेट्रोल सांडल्यास लगेच पुसावे.