तबकडीची मनधरणी

घर आवरताना जुन्या सीडींचा डबा सापडला आणि त्यात ‘सहलीचे फोटो, नीट ठेवणे’ असे माझ्याच हस्ताक्षरात बजावलेली एक सीडी पाकिटाविना, स्क्रूड्रायव्हरला खेटून पहुडलेली निघाली. पत्नीने ती उजेडात धरून ओरखडे न्याहाळले आणि ‘‘अहो, यालाच नीट ठेवणे म्हणतात का?’’ एवढेच विचारले. फोटोंची दुसरी प्रत नव्हती, त्यामुळे माझ्याकडे उत्तरही नव्हते.

संगणकात घालताच सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि संगणक मौनात गेला. मग मी मऊ कापड घेऊन ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल पुसणे घातक असते, कारण माहितीची वाट सर्पिलाकार असते आणि तिच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा सलग मजकूर गिळतो. आडवा ओरखडा मात्र रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये मांडलेल्या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीमुळे बराचसा भरून निघतो. हे सगळे एका लेखात वाचून मला धीर आला. पण पुढच्याच परिच्छेदाने तो काढून घेतला. सीडीचे 1.2 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक म्हणे चकचकीत बाजूने रक्षण करते, माहितीचा थर मात्र नाव लिहिण्याच्या बाजूला, पातळ लेपाखाली असतो. मी सीडी दिव्यासमोर धरली, तेव्हा ‘नीट’ या शब्दाच्या वेलांटीतून तीन बारीक ठिपक्यांएवढा प्रकाश आरपार आला. बॉलपेन मी चांगलेच दाबून चालवले होते. हा शोध मी घरात जाहीर केला नाही.

अखेर डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमला शरण गेलो. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमला खिडक्या, चित्रे, बटणे असले काही चोचले नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची आणि आकडे पाहत बसायचे. त्याची रीत मात्र शहाण्या माणसाची आहे. साधी कॉपी पहिल्याच अडचणीत हात टेकते. हा आधी सहज वाचता येईल ते सगळे उचलतो, रुसलेल्या भागांची नोंद एका नकाशा-फाइलीत करतो आणि मग त्यांच्याकडे पुनःपुन्हा मनधरणीला जातो. भरलेल्या सीडीत 2048 बाइटांचे सुमारे 3,60,000 तुकडे असतात. त्यांतले बहुतेक तुकडे चहा निवायच्या आत आले, आणि उरलेल्या काहीशेंसाठी मी दोन रात्री जागलो. बचावलेला आकडा एकाने वाढला की मी पत्नीला हाक मारी. तिसऱ्या हाकेनंतर तिने ओ देणे बंद केले.

मग जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी, तिची संगणकात उतरलेली तीच अर्धवट प्रत आणि तीच नकाशा-फाइल देऊन पाहिली, तर ज्या भागांपुढे पहिल्या ड्राइव्हने मान टाकली होती त्यांतले कितीतरी या म्हाताऱ्याने मुकाट वाचले. तो लॅपटॉप आजवर भंगारात काढला नाही, याचे श्रेय माझ्या दूरदृष्टीला द्यावे असे मी सुचवले. घरात त्याला आळस असा जुना शब्द आहे.

एकूण अकरा तुकडे अखेरपर्यंत आले नाहीत आणि ते नेमके चार फोटोंत होते. फोटोची फाइल वरून खाली उलगडत जाते आणि मध्येच बिघडली की पुढचे चित्र बहुधा वाया जाते. त्यामुळे चारही फोटोंत आकाश निरभ्र आहे, डोंगर आहेत, आणि जिथे आम्ही उभे होतो तिथे करडी भिंत आहे. एका फोटोत भिंतीवर फक्त माझे टक्कल उगवलेले दिसते.

बाकीचे सगळे फोटो सुखरूप होते. मी लगेच दोन ठिकाणी प्रती केल्या, शिवाय एका नव्या सीडीवरही उतरवून घेतल्या आणि नाव घालण्यासाठी सवयीने हात पुढे केला. पत्नीने टेबलावरचे बॉलपेन आधीच उचलले होते. तिने माझ्या हातात मऊ टोकाचा मार्कर ठेवला आणि म्हणाली, ‘‘पाकिटावर लिहा.’’